हातभर पिवळा धागा

माझं तोंड वाईट आहे, हे आधीच सांगून टाकते. लहानपणी आई म्हणायची, हिच्या जिभेला हाड नाही. लग्नानंतर नवराही तेच म्हणतो, फक्त जरा जपून. नोकरीत मात्र या तोंडाचं कौतुक झालं. बियाण्याच्या कंपनीत मला घेतलं तेव्हा साहेब म्हणाले होते, "नेटवर अशीच मॅडम पाहिजे. बायका घाबरल्या पाहिजेत." मला ते बक्षीस वाटलं होतं.

नेट म्हणजे हिरव्या जाळीचं घर. देऊळगाव राजाच्या आसपास शेताशेतात ही घरं उभी आहेत. आत मिरची असते, पण ती बाजारासाठी नाही, बियाण्यासाठी. दुपारनंतर बायका चिमट्याने एकेक कळी उघडून तिच्यातला नराचा भाग काढून टाकतात. दुसऱ्या दिवशी सकाळी, अकराच्या आत, त्याच कळीला दुसऱ्या जातीच्या फुलाची पावडर लावतात आणि देठाला लोकरीचा बारीक धागा बांधतात. याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. सकाळ हुकली की आदल्या दिवशी उघडलेली कळी वाया जाते. पोळा झाला की हे काम असं जोर धरतं की गावात धडधाकट बाई घरी सापडत नाही.

धाग्याचा रंग दर पंधरा दिवसांनी बदलतो. पहिले पंधरा दिवस लाल, मग पिवळा, मग पांढरा. कोणती मिरची कधी लागली हे नंतर त्यावरूनच कळतं. म्हणून रंग बदलायच्या दिवशी जुना धागा शेवटच्या तुकड्यापर्यंत परत घ्यायचा असतो. मागच्या हंगामात एका बाईच्या कमरेला राहिलेला जुना धागा नव्या फुलांना बांधला गेला, आणि साहेबांनी दोन अख्ख्या ओळी उपटायला लावल्या. शेतकरी डोक्याला हात लावून बांधावर बसला आणि बोलणी मी खाल्ली. तेव्हापासून धाग्याच्या बाबतीत मी कोणाचं ऐकत नव्हते.

अशा अकरा नेटची मी मॅडम. सकाळी सातला पहिल्या नेटवर हजर. आणि घरी माझी दीड वर्षाची मुलगी, जिला ताप आला की झटके येतात.

पहिला झटका उन्हाळ्यात आला. दुपारी माझ्या मांडीवर खेळता खेळता तिचे डोळे वर गेले, हातपाय ताठ झाले. ती गेली असंच मला वाटलं. डॉक्टरांनी समजावलं की बऱ्याच मुलांना होतं, मोठेपणी जातं, घाबरू नका. पण अंग कोमट लागलं की लगेच औषध द्यायचं, वाट बघायची नाही. "लगेच म्हणजे लगेच," ते दोनदा म्हणाले. तो शब्द तेव्हापासून माझ्या डोक्यात घड्याळासारखा चालू आहे. आता मला सांगा, हा शब्द मी कोणाच्या हाती देऊन सात वाजता घर सोडू?

माझी आई आता नाही. सासूबाई साखरखेर्ड्याला धाकट्या दिराकडे, तिकडे जावेचं बाळंतपण. नवरा जालन्याला कारखान्यात, सकाळची बस गाठली की संध्याकाळी दिसतो. शेजारच्या काकूंनी चार दिवस सांभाळलं, पाचव्या दिवशी झटक्याचं ऐकून हात जोडले. "बाई, परक्याचं लेकरू, काही झालं तं मी कोनाले तोंड दाखवू?" त्यांचं चुकलं असं म्हणता येत नव्हतं, तरी मी फाडकन म्हणाले, "मग चार दिवस कशाला ठेवलं?" उचलली जीभ लावली टाळ्याला. गावात एक पाळणाघर होतं, ते साडेनऊला उघडायचं. अंगणवाडीत तीन वर्षांच्या आत घेत नाहीत.

एक दिवस मी तिला स्कूटीवर पुढे उभी करून नेटवर घेऊन आले. त्याच दिवशी फवारणी निघाली. तिला कडेवर घेऊन मी भर उन्हात रस्त्यावर उभी राहिले, आणि आतून बायका विचारत होत्या, मॅडम, कोणत्या ओळीपासून धरू?

साहेबांना मी विचारलं होतं. नेटजवळ एक खोली द्या, लेकरं सांभाळायला एक बाई लावा. माझंच नाही, सगळ्यांची लेकरं आहेत.

"मॅडम, पाळणाघर हा आपला विषय नाही. आपला विषय बियाण्याची शुद्धता. असं काही करायचं तर वरून यावं लागतं."

"वरून फक्त पाऊस येतो साहेब," मी म्हणाले. ते हसले, आणि विषय तिथेच संपला.

शेवटी बायकांनीच सांगितलं, बुढीमायकडे ठेवा की. सगळ्यात मोठ्या नेटसमोर रस्त्यापलीकडे एक पत्र्याची ओसरी होती. तिथे एक म्हातारी बायकांची लेकरं धरायची. सगळं गाव तिला बुढीमाय म्हणे. ती आधी स्वतः नेटमध्ये होती, हात असा चालायचा म्हणे की दोघींचं काम एकटी करी. तीन वर्षांमागे तिने चिमटा खाली ठेवला. का, ते मी विचारलं नाही. ज्या बाईच्या हाती मुलगी द्यायची तिला हा साधा प्रश्न मी विचारला नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

"किती लेकरं हायेत?" मी विचारलं.

"आठ. तुही धरली तं नऊ."

मी तिला झटक्याचं सांगितलं. दर तासाला कपाळ बघायचं. कोमट लागलं की हे औषध. मोजायची भानगड नको म्हणून मी रोज एक डोस बिनसुईच्या छोट्या पिचकारीत भरून पिशवीत ठेवीन, तेवढा तोंडात सोडायचा आणि मला बोलवायचं. ती प्रत्येक वाक्याला हाव, म्हणजे हो, म्हणत होती.

"विसराल. मी सगळं लिहून आणते," मी म्हणाले.

ती जराशी थांबली. मग म्हणाली, "आन."

मोठ्या कागदावर ठसठशीत चार ओळी लिहून मी तिला दिल्या. तिने तो कागद कणकेच्या खळीने ओसरीच्या भिंतीला लावला. मी पायरीवरूनच बघितलं, लावला आहे, झालं. रोज स्कूटी चालू ठेवूनच मी मुलगी तिच्या हाती द्यायची आणि निघायची. ती प्रत्येक लेकराच्या डोक्यावरून, गालावरून हात फिरवून मगच त्याला आत घ्यायची. मला वाटायचं, किती माया आहे.

चौथ्या दिवशी मुलीच्या डाव्या मनगटावर लाल धागा दिसला. आमचाच, क्रॉसिंगचा. मी विचारलं, हे काय?

"राहू दे. माह्या कामाचा हाय."

नजरबिजर असेल म्हणून मी सोडून दिलं. गरज माझी होती. तिच्या श्रद्धेवर वाद घालायची मला सवड नव्हती. पण बरं चाललं होतं. दुपारी नेटमधून बाहेर येऊन हाक मारली की रस्त्यापलीकडून ती हात वर करून हलवायची, म्हणजे ठीक आहे. तो हात दिसला की मला पुढचे दोन तास श्वास घेता यायचा.

मग रंग बदलायचा सोमवार आला. साहेब जालन्याहून तपासणीला येणार होते. सकाळी मी मोठ्या नेटच्या दारात क्रेटवर उभी राहून सगळ्यांना सांगितलं, "लाल आजपासून बंद. हातात, कमरेले, केसात, कुठंच दिसला नाही पाहिजे. एक जरी तुकडा सापडला तं मी कोनालेच सोडनार नाही."

मागून कोणीतरी हसत विचारलं, "पोरायच्या आंगावरचाही का मॅडम?"

"पोरायच्याही!"

हे माझंच वाक्य. बायकांनी धागे टोपलीत टाकले, आणि एकजण मॅडमचा हुकूम सांगायला रस्ता ओलांडून ओसरीवर गेली.

साडेनऊच्या सुमारास बुढीमाय नेटच्या दाराशी आली. मी पाठमोरी होते, पिवळ्या धाग्याची रिळं ओळीप्रमाणे लावत होते. तिच्या कडेवर कोणाचंतरी लेकरू आहे एवढं डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं.

"मॅडमबाई, हातभर पिवळा दे."

"धागा काय खेळायचा हाय का बुढीमाय? मोजून येते तो."

"हातभरच मांगतो न माय."

"नाही म्हटलं ना! साहेब येऊन राह्यले. जा तुमी, लेकरं एकटी हायेत."

मग चपला घासत गेल्याचा आवाज आला. मी रिळं लावत राहिले.

साहेब अकराला आले. एकेक ओळ वाकून बघत होते आणि मी त्यांच्या मागे वही घेऊन. लाल धागा कुठेच सापडला नाही. साहेब म्हणाले, "शाब्बास मॅडम." मला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी दुपारी बाहेर येऊन तो हात बघायचाही राहिला. मोबाईल स्कूटीच्या डिकीत होता; नेटमध्ये मोबाईल नको, हाही माझाच नियम.

एकच्या सुमाराला रस्त्याच्या बाजूने एक बाई ओरडत आली. तिची मुलगीही बुढीमायकडेच असायची, माझ्या मुलीएवढीच. जेवणाच्या सुट्टीत ती तिला पाजायला गेली होती.

"मॅडम, धावा! तुमची पोट्टी डोये फिरवून राह्यली!"

मी वही कुठे टाकली, जाळीचं दार कसं उघडलं, काही आठवत नाही. चप्पल ओळीतच राहिली. ओसरीवर माझी मुलगी गोधडीवर ताठ पडली होती, ओठ निळे, तोंडातून फेस. कोणी कांदा फोडून आणला होता, कोणी चप्पल हुंगवत होतं. मी सगळ्यांना बाजूला लोटलं आणि तिला कुशीवर केलं, डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं. अंगाला हात लावला तर तव्यासारखं. ही काही दहा मिनिटांची कणकण नव्हती. सकाळपासून तापत आलेलं अंग होतं ते.

साहेबांनी जीप काढली. देऊळगाव राजापर्यंतचा रस्ता पंधरा मिनिटांचा आहे. त्या रस्त्यात झटका थांबला आणि ती गप्प झाली, आणि ते गप्प होणं झटक्यापेक्षा भयंकर होतं. मी तिच्या नाकाशी गाल लावून बसले होते. गालाला गरम वारा लागायचा, मग खड्डा यायचा, मग मला काही कळायचं नाही, मग पुन्हा लागायचा. साहेब पुढून सारखे विचारत होते, "आहे ना? आहे ना?" आणि मी त्यांच्या अंगावर ओरडले, "गाडी चालवा तुमी!"

दवाखान्यात ती तासाभराने डोळे उघडून रडली. ते रडणं ऐकून मी तिथेच फरशीवर बसले. डॉक्टरांनी एकच विचारलं, "औषध किती वाजता दिलं होतं?"

मला माहीत नव्हतं.

नवरा जालन्याहून आला, मुलीजवळ बसला. मी स्कूटी आणि पिशवी आणायला साहेबांच्या जीपने परत गेले. चार वाजले होते, बायका लेकरं घ्यायला ओसरीवर जमल्या होत्या. मी आत जाऊन पिशवी उघडली. पिचकारी सकाळी ठेवली तशीच होती, काठोकाठ भरलेली.

मग माझं तोंड सुटलं. मी काय काय बोलले ते सगळं लिहायची मला लाज वाटते, पण एक लिहायलाच हवं. भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवून मी ओरडले, "एवढं मोठं लिहून लावलं हाय! दिसत नाही का? आंधळी हायेस का तू बुढे?" तिला मी कधी अहो-जाहो सोडून बोलले नव्हते.

बुढीमाय खांबाला धरून उभी होती. ती एवढंच म्हणाली, "चूक झाली माय." मी पिशवी उचलली आणि निघाले, आणि रस्ताभर मला आपण कसं सुनावलं याचं समाधान वाटत होतं. खोटं कशाला बोलू, वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात असताना साहेबांचा फोन आला. मुलीची विचारपूस झाली, आणि मग खरं काम निघालं. मोठ्या नेटवर आठ बायका आल्याच नाहीत. सोमवारी दुपारी उघडलेल्या कळ्या सगळ्या गेल्या. बुढीमायने ओसरी बंद केली होती. आयांना सांगून टाकलं होतं, आपापली लेकरं न्या, मले नाही जमत आता.

"बरं झालं," मी म्हणाले. "तिच्याकडे लेकरं ठेवूच नयेत."

"मग बायका कुठे ठेवतील?" साहेबांनी विचारलं. हाच प्रश्न मी त्यांना महिन्याभरापूर्वी विचारला होता. मुलगी माझ्या मांडीवर झोपली होती, माझी रजा आणखी एका दिवसाची होती, आणि त्यानंतर मुलीला ठेवायला मलाही दुसरी जागा नव्हती.

बुधवारी दवाखान्यातून सोडलं. नवऱ्याची रजा संपली होती. गुरुवारी सकाळी मी मुलीला घेऊनच स्कूटीवर निघाले. मनात होतं, सोमवारी ओरडत आलेल्या त्या बाईला गाठायचं, मुलगी सांभाळायला तिची सासू वगैरे कोणी असेल तर विचारायचं. ती हातपंपावर भेटली. तिची मुलगी शेजारी चिखलात बसलेली. दोन्ही मुलींची डोकी तासलेली. माझ्या मुलीचं श्रावणात जावळ काढलं होतं आणि तिच्या मुलीला उवा झाल्या म्हणून गोटा केला होता. पाठमोऱ्या बघितल्या तर मीही क्षणभर चुकले असते.

मी म्हणाले, "बुढीमायनं तुमाले अडचणीत टाकलं ना?"

तिने हंडा खाली ठेवला. माझ्याकडे काम करणारी बाई, मला कधी उलट बोललेली नाही. ती म्हणाली, "मॅडम, बुढीमायनं नाही टाकलं. तुमी टाकलं."

"मी?"

"तिले वाचता येते कुठी? अन् डोयात तीन वर्षापासून पडदा हाय. चिमटा काऊन सोडला मंग तिनं? हातानं चाचपून वयखते ती लेकरं. तुमची न् माही सारखीच लागे तिले हाताले. म्हून तुमचीच्या हाताले लाल धागा बांधला. धागा लागला का कपाय पाह्यचं. दर घंट्याले पाह्ये, मी सोता पाह्यलं."

ती थांबणार नव्हती.

"सोमवारी तुमचा हुकूम आला, पोरायच्या आंगावरचाही काढा. तिनं काढला. पिवळा मांगाले आली तं तुमी हाकलली. दिवसभर माह्या पोरीचं कपाय पाह्यलं तिनं, तुमची समजून. माही पोट्टी थंडगार. तिले वाटलं, सगळं बराबर हाय."

मग तिने हंडा उचलला, आणि जाता जाता म्हणाली, "अन् सोमवारी नेटाच्या दारात तिच्या कडेवर तुमचीच तं होती. तथीच बांधून घेनार होती धागा. खांद्यावर झोपेल होती."

मी स्कूटी धरून उभी राहिले. साडेनऊला ती झोपली होती, आणि कधी एवढ्या लवकर झोपत नाही. तेव्हाच ती तापायला लागली असेल. माझी मुलगी माझ्यापासून दोन हातांवर होती, मी मान वळवली असती तरी पुरलं असतं. जाळीच्या आत लाल धागा दिसतो का म्हणून मी पानापानाखाली वाकून बघत होते.

कोणालाही न सांगता दुसरीकडे सोय लावता आली असती. खरंच सांगते, पहिला विचार तोच आला. अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हणही आठवली आणि माझीच मला शिसारी आली. इथे गाढव कोण होतं ते उघड होतं. मी नेटवर गेले, पिवळं एक रीळ खिशात घातलं. बायका आत दोन-चारच होत्या, बाकीच्या लेकरं कडेवर घेऊन दाराशी उभ्या, कामाचं काय होतं बघायला. मी त्यांना म्हणाले, "या माझ्यासोबत." त्या आल्या. मॅडम आता बुढीला आणखी काय सुनावते, हे बघायलाच बहुतेक आल्या.

बुढीमाय ओसरीत एकटीच बसली होती. पावलांचा आवाज ऐकून तिने मान वर केली. मी पायरी चढून आत गेले आणि भिंतीवरचा कागद पहिल्यांदाच जवळून पाहिला. तो उलटा लावलेला होता. सोमवारी मी त्याच्याकडेच बोट दाखवून ओरडले होते, आणि मला दिसला नव्हता.

"बुढीमाय, चूक तुमची नाही," मी म्हणाले. मग पुन्हा मोठ्याने, बाहेरच्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "धागा काढा असं मीच सांगतलं. तुमी मांगाले आल्या तं मीच नाही दिला. कायले पाहिजे हेही विचारलं नाही. पोरीले झटका माह्यानं आला. आन् मी तुमाले जे बोलली, ते..."

मी रडत होते, आणि एवढ्या बायकांसमोर मी कधी रडले नव्हते.

बुढीमाय म्हणाली, "आंधळी तं हावोच मी. खोटं नाही बोलली तू."

"बुढीमाय..."

"वाचता नाही येत हे मी सांगाले पाह्यजे होतं. लाज वाटली. तू कागद आनतो म्हनली, इतकी शिकेल पोरगी, तिले काय म्हनू? हाव म्हनलं." तिने पदराने डोळे टिपले. "मी नाही घेत आता लेकरं. जीव हाय तो. सोमवारपासून मले झोप नाही."

बाहेर कोणाचंतरी लेकरू रडायला लागलं. माझी मुलगी माझ्या कडेवरून खाली उतरायला धडपडत होती. तिला या गोष्टींचं काय. तिला ओसरी माहीत होती. मी तिला खाली सोडली. ती डुलत डुलत गेली आणि बुढीमायच्या मांडीवर जाऊन बसली.

बुढीमायचा हात आपोआप तिच्या डोक्यावर गेला. मग गालावर, मग कपाळावर, आणि तिथे बराच वेळ थांबला. मग तिने डावं मनगट चाचपलं. रिकामं होतं.

"कोनता रंग चालू हाय?" तिने विचारलं.

"पिवळा."

"मंग बांध न. पाह्यत काय राह्यली?"

मी रीळ काढलं. मला गाठ बसेना. दिवसाला हजारो गाठी तपासणारी मी. बुढीमायने माझी गाठ अंगठ्याने दाबून पाहिली, "ढिली हाय," म्हणाली, आणि स्वतः ओढून घट्ट केली. बाहेरच्या बायका एकेक करून आत आल्या आणि लेकरं खाली ठेवून नेटकडे गेल्या.

त्याच आठवड्यात मी मजुरांच्या हजेरीत बुढीमायला घातलं. कामाच्या रकान्यात लिहिलं, लेकरं सांभाळणे. साहेबांनी विचारलं, हे कोणत्या नियमात बसतं? मी म्हणाले, त्या मंगळवारी कळ्या ज्या नियमात वाया गेल्या त्याच नियमात. त्यांनी ते खोडलं नाही. खोलीचं अजून वरून आलेलं नाही. डोळ्याच्या ऑपरेशनचं विचारलं तर बुढीमाय म्हणते, क्रॉसिंग उरकू दे, मी पट्टी बांधून बसली तं नऊ लेकरं कोन धरीन? मी घाबरतच मुलगी तिच्याकडे ठेवते, आणि दर तासाला रस्त्यापलीकडे बघून येते.

पांढरा धागा सुरू व्हायचा सोमवार आला तेव्हा साहेबांची जीप माझ्या आधी येऊन नेटच्या दारात उभी होती. मला बघून त्यांनी हॉर्न वाजवला. मी स्कूटी ओसरीपाशी बंद केली आणि पायरी चढले. बुढीमायने मुलीचा हात पुढे धरला. मी पिवळा धागा कापला आणि पांढरा बांधला. साहेबांनी पुन्हा हॉर्न वाजवला. बुढीमायने घाई न करता गाठ चाचपली, एकदा, दोनदा.

"आता जाय," ती म्हणाली.